डाव्या हाताची खुर्ची

मधुरा त्या दिवशी टावर चौकात गेली होती ती नुसती शेव आणायला. इथून पुढे काय काय होणार आहे हे कोणी तिच्या कानात सांगितलं असतं, तरी तिने काय केलं असतं? पाव किलो जास्त घेतली असती, बस. शाळेत पोरांना भूगोल शिकवणारी, पंचेचाळिशीला टेकलेली, पालीला घाबरणारी बाई. तिच्याकडून याहून मोठ्या शौर्याची अपेक्षा तिने स्वतःही कधी ठेवली नव्हती.

"भैया, लौंगवाली देना. और ताज़ी."

"मेहमान आ रहे हैं क्या मॅडम?"

"कर्नल साहब आ रहे हैं. महू से."

"फिर तो आधा किलो और ले जाओ," दुकानदार म्हणाला, आणि तिने मुकाट्याने घेतली. तिला नाही म्हणता येत नसे. हा गुण पुढे फार महागात पडणार आहे, लक्षात ठेवा.

कर्नल श्रीनाथ पोतनीस हे तिच्या सासऱ्यांचे जुने साहेब. सासरे म्हणजे दत्तात्रय, घरातले बाबा. सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून फौजेत गेले, फौजेतून रेल्वेत, आणि रेल्वेने त्यांना उज्जैनला आणून सोडलं ते कायमचं. फौजेत ते इंजिनिअर कंपनीत होते. हे इंजिनिअर म्हणजे टेबलावर नकाशे काढणारे नव्हेत. पूल बांधायचे, पूल उडवायचे, शत्रूच्या वाटेवर सुरुंग पेरायचे आणि लढाई संपली की स्वतः पेरलेले तेच सुरुंग पोटावर सरपटत, सळई टोचून टोचून वेचून काढायचे. त्यांच्या भाषेत सॅपर.

त्याची खूण अजून होती. सिंहस्थाच्या तयारीसाठी सगळं उज्जैन खणून ठेवलेलं, आणि बाबा फ्रीगंजच्या प्रत्येक खणलेल्या रस्त्यावर आधी काठी टोचायचे, मग पाय टाकायचे. मागे स्कूटरवाले हॉर्न मारून मारून दमायचे. "अंकल, सोना गड़ा है क्या?" कोणीतरी ओरडायचं. बाबा वळूनही बघायचे नाहीत. त्यांचा डावा कान पार गेलेला होता.

आणि त्या डाव्या कानावरून घरात एक नियम होता. बाबांच्या डाव्या हाताला कोणी बसायचं नाही.

मधुरा नवी नवरी असताना एकदा चुकून त्या खुर्चीवर बसली होती.  बाबांनी ताट उचललं आणि उभ्याने जेवले. सासूबाईंनी नंतर आत नेऊन सांगितलं, "अगं, त्या कानाने ऐकू येत नाही ना त्यांना, म्हणून." मधुराने ते ऐकलं आणि मानलं. लग्नाकार्यात ती बाबांच्या डावीकडच्या खुर्चीवर पर्स ठेवायची, म्हणजे कोणी बसू नये. बाबा म्हणायचे, "पर्स उचल." घरातल्या प्रत्येक फोटोत बाबांच्या डावीकडे एक माणूस मावेल एवढी फट. फोटोग्राफर ओरडून थकायचे, "अंकल, थोड़ा पास आओ ना!"

शिवाय त्यांच्या डाव्या हाताची बोटं नेहमी अर्धवट वळलेली असत. झोपेतसुद्धा. मधुराने संधिवात समजून त्या हाताला किती वर्षं तेल चोळलं. त्या बोटांना तेलाने काही फरक पडत नव्हता.

कर्नलांचा फोन आला तो असा: कंपनीच्या लढाईचा इतिहास पुस्तकरूपाने निघतोय, जुन्या माणसांच्या आठवणी घेत फिरतोय, दत्ता, तुझ्याकडे जेवायलाच येतो. बाबांनी फोन ठेवला आणि मधुराला बाल्कनीत बोलावलं.

"त्या पुस्तकात एक नाव यायला पायजे," ते म्हणाले. "तू मास्तरीण आहेस. तुला बोलता येतं. मला साहेबापुढं बोलता येत नाही. पाय आपोआप जुळतात."

"कुणाचं नाव, बाबा?"

आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी कंपनीतल्या माणिकची गोष्ट सांगितली. आवाज खाली, नजर समोरच्या विजेच्या तारांवर.

एकाहत्तरची लढाई डिसेंबरात थांबली. कंपनी सीमेवरच राहिली, पेरलेलं वेचायला. शेतकरी बांधावर येऊन बसायचे, आपली जमीन परत कधी मिळते याची वाट बघत. एक शेत साफ झालं की कंपनीची एक पद्धत होती. सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं, शेजाऱ्याचा हात धरायचा आणि शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. मधोमध साहेब, ज्याने 'शेत साफ' म्हणून सही केली तो. शेतकरी बघत असायचा. कंपनी पलीकडे पोचली की मगच तो बैल आत घालायचा. याला ते 'जमीन चालून देणं' म्हणत.

"त्या शेतात मोजणीला एक कमी भरत होता," बाबा म्हणाले. "पाऊस झालता. चिखलात सुरुंग सरकतो, हलका असला तर वाहतो. आम्ही म्हटलं, साहेब, अजून एक दिवस द्या. पोतनीससाहेब तवा लेफ्टनंट होते, मिसरूड फुटलेलं. म्हणाले, ओढ्यात वाहून गेला असेल. वरचे साहेब जीपनं यायचे होते ना, शेत साफ बघायला."

"मग?"

"मग ओळ धरली. माझ्या डावीकडं साहेब, मधोमध. साहेबाच्या पलीकडं माणिक. निम्मं चालून झालं आन् बांधावर जीप आली. साहेबानं माझा हात सोडला. म्हणाले, माणिक, जरा माझ्या जागी ये. एक मिनिट. आलोच."

बाबांची डाव्या हाताची बोटं हलली.

"माणिक माझ्या डाव्या हाताला आला. माझा हात धरला. हसला. म्हणाला, दत्ता, साहेब झालो बघ… आन् पुढचं पाऊल टाकलं."

खाली एक रिक्षा हॉर्न मारत गेली. मग बाबा म्हणाले, "हात सोडला न्हाई त्यानं. संध्याकाळपतोर. शेवटी डॉक्टरनं बोटं सोडवली, एकेक करून. आन् सुटला असं डॉक्टरला वाटलं."

 मधुराने बाबांच्या डावीकडे बघितलं. प्लास्टिकची खुर्ची, तिच्यावर दुपारचं ऊन. एवढंच.

"मी सांगते त्यांना, बाबा," ती म्हणाली. "पक्कं."

* * *

कर्नलसाहेब आले, आणि मधुराची सगळी तयारी पहिल्या पाच मिनिटांत विरघळली. माणूस इतका गोड. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. पोतनीस घराणं शिंद्यांच्या दरबारातलं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची, मधूनच अस्सल माळवी हिंदी. आणि त्यांच्या पत्नी, अंबिकाकाकू, त्यांच्यावर ताण. गाडीसुद्धा त्याच चालवत आल्या होत्या.

"यांना नाही देत मी स्टिअरिंग," काकू चपला काढता काढता म्हणाल्या. "हे मधेच सोडून देतात आणि म्हणतात, अंबिका, जरा धर. सगळा संसार असाच झालाय माझा. जरा धर, आलोच!"

सगळे हसले. बाबा सोडून.

काकू जेवायला बसायला गेल्या त्या नेमक्या बाबांच्या डावीकडे. "काकू, तिथे नको," मधुरा आणि तिचा नवरा हर्षल एकदम ओरडले. "त्या कानाने ऐकू येत नाही ना बाबांना." सवयीने तोंडातून तेच निघालं. कर्नलसाहेबांनी त्या खुर्चीकडे क्षणभर बघितलं, मग डाळीत बाफला, तो तुपातला कणकेचा गोळा, कुस्करायला घेतला.

जेवणभर त्यांनी लढाई सांगितली. पूल, तोफा, थंडी. बाबा मान हलवत होते. शेवटी त्यांनी मधुराकडे बघितलं. बोल, असं ते बघणं होतं. मधुराने घसा साफ केला.

"काका…"

"बोल बेटा."

"काका, अजून एक बाफला वाढू?"

आयुष्यात आपण कुठे कुठे भित्रे ठरलो याचा हिशोब कधी झालाच तर मधुरा त्या बाफल्याला सगळ्यात वर ठेवेल. बाबांनी तिच्यावरची नजर काढून घेतली आणि स्वतःच बोलले. बसल्या बसल्या त्यांचे पाय टेबलाखाली जुळले, ते तिला दिसलं.

"सर, पुस्तकात माणिकचं नाव असंल ना?"

कर्नलसाहेबांचा चमचा थांबला नाही. "माणिक आठवतो रे मला. गुणी पोरगा. पण दत्ता, पुस्तक लढाईचं आहे. लढाई डिसेंबरात संपली. तो गेला फेब्रुवारीत. तो अपघात धरला जातो. एकाला घेतलं की मग रस्त्यावर गाडी उलटली त्यालाही घ्यावं लागतं. समजतंय ना?"

"सुरुंगाला कोणी सांगितलं नव्हतं सर," बाबा हळू म्हणाले, "लढाई संपली म्हणून."

 कर्नलसाहेबांनी मान वर केली. डोळे चमकत होते.

"वाह," ते म्हणाले. "वाह, दत्ता! क्या बात कही है. हे वाक्य मी घेणार पुस्तकात."

हर्षल घाईघाईने पाणी प्यायला. बाबांचा चेहरा बदललाच नाही. ते ताटावरून उठले, हात धुऊन आले आणि म्हणाले, "साहेब, उद्या आमच्या प्लॉटचं भूमिपूजन आहे. नानाखेड्याच्या पुढं. तेवढी जमीन चालून द्या आम्हाला. जुन्या पद्धतीनं."

कर्नलसाहेबांना कल्पना इतकी आवडली की त्यांनी टाळीच वाजवली. "अंबिका, मोबाइल चार्ज आहे ना? फोटो काढ. पुस्तकाला शेवटचं पान मिळालं!"

* * *

नानाखेड्याचं बसस्टँड मागे टाकून पुढे गेलं की एक कॉलनी होती, जिला कमान होती, नाव होतं, आणि घर एकही नव्हतं. काळी जमीन, चुन्याच्या रेघा, विजेचे खांब विजेशिवाय. त्यांचा प्लॉट अगदी शेवटचा. त्यापुढे कोणाचा तरी गहू उभा होता, हिरवा, कमरेएवढा.

पूजा उरकली होती, ऊन उतरलं होतं. दूर कुठल्या तरी मंदिरात लाउडस्पीकरवर भजन चालू होतं. टिटवी ओरडत एक फेरी मारून गेली.

"पाऊल पूर्ण टेकवायचं," बाबांनी सांगितलं. "टाच आधी नाही, उडी नाही. हात सोडायचा नाही."

ओळ लागली. सगळ्यात उजवीकडे हर्षल, कोणी ओळखीचं बघत नाही ना याची चिंता करत. त्याचा हात धरून मधुरा. मधुराचा हात बाबांच्या उजव्या हातात. कर्नलसाहेब हसत हसत बाबांच्या डावीकडे आले आणि हात पुढे केला.

"असं नाही, सर," बाबा म्हणाले. "एका माणसाची जागा सोडून."

कर्नलसाहेब थांबले. मग खांदे उडवले. "जैसा तू कहे." ते एक माणूस सोडून पलीकडे उभे राहिले आणि उजवा हात त्या रिकाम्या जागेत धरला, सैल, नाटकात धरतात तसा. या बाजूने बाबांनी आपला डावा हात धरला, बोटं नेहमीसारखी अर्धवट वळलेली. मध्ये माळव्याची काळी माती, आणखी काही नाही.

रस्त्यावरून काकू मोबाइल धरून ओरडल्या, "चला! स्माइल!"

ते चालू लागले.

सुरुवातीला मधुराला हसूच येत होतं. शाळेत कोणाला सांगायचं हे? पण चार पावलं झाली आणि भजन बंद झालं. संपलं नाही. मधल्या शब्दावर बंद झालं. मग तिला फक्त पावलं ऐकू येऊ लागली. मातीवर, दबकी, एका तालात. पावलं ओळीत होती त्याहून जास्त वाटत होती, पण मातीत आवाज फिरतो, असं तिने स्वतःला समजावलं. भूगोलाची बाई शेवटी.

मग वास आला. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात येतो तो. फुटलेल्या फटाक्यांचा, ओल्या राखेचा.

प्लॉटच्या मध्यावर आले तेव्हा कर्नलसाहेबांची चाल मंदावली.

"दत्ता…"

"जी सर."

"हात जरा ढिला कर रे."

बाबा समोर बघत चालत राहिले. "मी नाही धरलेला, सर."

मधुराने मान वळवली. तिने वळवायला नको होती. कर्नलसाहेबांच्या उजव्या हाताची बोटं आता सैल नव्हती. ती मिटलीही नव्हती. मूठ मिटते तेव्हा बोटं तळव्याला लागतात. ही लागली नव्हती. मध्ये बरोबर एका पंजाची जाडी होती. आणि मधली बोटं दाबली जाऊन पांढरी पडत चालली होती.

"दत्ता… दत्ता, मजाक मत कर…"

आणि अलीकडे, बाबांचा डावा हात. बाबांचा डावा पंजा उघडा होता. पाची बोटं सरळ, लहान पोराच्या हातासारखी. इतक्या वर्षांच्या तेलाने जे झालं नव्हतं ते.

"चालत राहा, सर," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "निम्म्यात सोडायचं नसतं."

ते चालत राहिले. बांधावर पोचले. काहीही फुटलं नाही. भजन परत सुरू झालं, पुढच्या शब्दापासून. काकू टाळ्या वाजवत होत्या.

कर्नलसाहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता, पण ते हसले. ऑफिसर माणूस. "थकलो रे," म्हणाले. गाडीपाशी काकूंनी शेजारचं दार उघडलं तर म्हणाले, "नको. मी मागे बसतो." आणि मागच्या सीटवर ते अगदी डाव्या खिडकीला चिकटून बसले, उजवीकडे जागा सोडून. उजवा हात सीटवर, उताणा.

* * *

त्या रात्री जेवताना बाबा मधुराला म्हणाले, "बस इकडं." डावीकडची खुर्ची त्यांनीच ओढली.

"बाबा… कान?"

"कान तसाच आहे. बस."

ती बसली, खुर्चीच्या कडेला, बसल्यासारखं दिसेल एवढीच.

"गेला तो," बाबा म्हणाले. "साहेबानं हात पुढं केला आन् गेला. मी इतकी वर्षं त्याला सांगत होतो, थांब, तुझं नाव लावतो कुठंतरी. साहेबानं नाव दिलं न्हाई. नुसता हात दिला. तेवढ्यावर गेला बघ." ते हसल्यासारखे झाले. "साहेब तो साहेबच शेवटी."

आता नियम नव्हता. पाहुणे कुठेही बसत. प्लॉटवर पाया खणला गेला, विटा आल्या. पण बाबा सुकत चालले. रस्त्यावर काठी टोचायची त्यांनी सोडली. खणलेल्या खड्ड्यांच्या कडेने ते सरळ चालत जायचे, कशाचीच फिकीर नसल्यासारखे, आणि आता हॉर्न मधुराच्या छातीत वाजायचे.

मग पुस्तक आलं. जाड गुळगुळीत कागद, इंग्रजी. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी ते मधुराच्या हातात दिलं आणि तिच्या डावीकडे बसले, चांगला कान तिच्याकडे करून.

शेवटच्या पानावर फोटो होता. त्यातून बाबा, हर्षल, मधुरा कापले गेले होते. नुसते कर्नलसाहेब, ताठ, हात लांब केलेला. खाली लिहिलं होतं: सुरुंगाला कोणी सांगितलं नव्हतं, लढाई संपली म्हणून. आणि त्याखाली, बोलणाऱ्याचं नाव म्हणून, कर्नल श्रीनाथ पोतनीस. आतल्या एका प्रकरणात तरुण लेफ्टनंट आपल्या जवानांचा हात धरून शेताच्या मधून, शेवटपर्यंत, चालत गेला होता. शेवटपर्यंत, असं छापलं होतं.

"आहे?" बाबांनी विचारलं.

मधुराने पानं उलटली. शहिदांची नावं दोनदा वाचली. मग ती म्हणाली, "आहे. हे काय. सॅपर माणिक."

 बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला खोटं वाचता येत न्हाई, पोरी. आवाज पातळ होतो तुझा."

* * *

त्यानंतर काही दिवसांनी, संध्याकाळच्या चहाला, मधुराचा मोबाइल वाजला. अंबिकाकाकू.

"काय गं, चहा झाला?" आवाज नेहमीचा, पण दबका. "हे बघ, एक विचारू? हसणार नाहीस ना?"

"नाही काकू, बोला ना."

"तुमच्याकडून आल्यापासून हे कोणाला उजव्या हाताला बसू देत नाहीत. मी म्हटलं, म्हातारपण. रोज संध्याकाळी लॉनवर चालतात. या टोकापासून त्या टोकाला. हात असा बाजूला धरून… मी खिडकीतून बघते ना, तर मधुरा, ते चालत नाहीत गं. त्यांना कोणी तरी चालवत नेतं असं वाटतं."

 मधुराने हातातला कप खाली ठेवला. बाबांनी मान वर केली.

"आणि पुस्तक छापून आलं तेव्हापासून लॉनच्या मध्यावर थांबतात. पुढे जातच नाहीत. घाम फुटतो. आत्ता पण उभे आहेत. मला हाका मारताहेत. म्हणतात, अंबिका, जरा माझ्या जागी ये. एक मिनिट. आलोच." काकू हसल्या, बारीक, कोरडं. "जाऊ का गं? इतकी वर्षं गेलेच की. नाही म्हणायची सवयच नाही राहिली."

"नको! काकू, नको, जाऊ नका! जागा नका बदलू!" या वेळी मधुरा ओरडली, एवढ्या मोठ्याने की शेजारची खिडकी उघडली. "काकू, ऐकताय ना? काकू!"

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग दाराच्या जाळीचा. दुरून एक म्हातारा, लाडीगोडीचा आवाज: "ये… एकच मिनिट…" आणि मग काहीच नाही. स्फोट नाही, किंकाळी नाही. गव्हातून वारा जावा तशी सळसळ, आणि मातीवर दबकी पावलं, एका तालात, जवळ जवळ येणारी.

"बाबा," मधुरा म्हणाली. "काकू… त्यांनी काकूंना…"

बाबांनी तिच्या हातून फोन घेतला. डाव्या हाताने. आणि डाव्या कानाला लावला. त्या कानाला, ज्यात लग्नाचे बँडसुद्धा कधी पोचले नव्हते.

ते ऐकत राहिले. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या एकेक करून सैल झाल्या. मधूनच "हं" म्हणाले. एकदा कपाळाला आठी पडली, "कोण? बाईसाहेब?" म्हणाले, आणि परत ऐकू लागले. फोनभोवती त्यांची बोटं हळूहळू वळली, जुन्या सवयीने, अर्धवट.

"बरं," ते शेवटी म्हणाले. "ये मग घरी."

फोन त्यांनी टेबलावर ठेवला. मधुरा त्यांच्या डावीकडे बसली होती. ती कधी उभी राहिली ते तिलाही कळलं नाही.

"खुर्ची मोकळी केलीस ते बरं केलंस," बाबा म्हणाले. मग दाराकडे बघत, पाहुण्यांची सोय लावावी तशा साध्या आवाजात म्हणाले, "आन् तिच्या पलीकडं अजून एक ठेव. दोघं आहेत."